बारा वाजता एकोणतीस

मी एक थर्मामीटर बोलतोय. कळसाडीतल्या एका घराच्या ओट्यावर, पत्र्याच्या सावलीत, खिळ्याला टांगलेला. दोन आठवडे होत आले, पण मला बसलेला धक्का अजून उतरलेला नाही. माझ्याकडून खोटं निघालं. तेही अशा दिवशी, जेव्हा चौदा माणसं माझ्या एका आकड्याची वाट बघत होती.

माझा जन्म दूर अंबाल्याचा. काचेच्या बारीक नळीत लाल स्पिरिट भरलं, मागे शून्य ते पन्नास आकड्यांची पट्टी लावली आणि मला शहाद्याला मदनलाल शेठच्या दुकानात पाठवलं. तिथून प्रकाशा गावच्या लोटनमामांनी मला कोंबड्यांच्या शेडसाठी नेलं. माझ्याकडे बघून ते पिल्लांसाठी दिवे लावत, पडदे सोडत. हजार पिल्लांचा जीव माझ्यावर होता आणि मी एकदाही चुकलो नाही.

शेड बंद पडलं. मग तीन वर्षं मी एका खोक्यात, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांबरोबर पडून राहिलो. दिवाळीला मामांची भाची काजल आली. तिने मला फुंकर मारून पुसलं आणि विचारलं, "मामा, हाऊ लई जाऊ?"

"लई जाय. पन कोंबड्या कोठे शेतस तुन्ह्या?" मामा म्हणाले.

काजल नुसती हसली. ती दहावीत शिकते. हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही, असं तिची आई सांगते. अशा मुलीला माझ्याकडून काय हवं होतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

ती मोबाईलवर मोटार शर्यतीचा खेळ चालवते. चौदा खेळाडू आहेत. प्रत्येकाचा एक संघ, दोन गाड्या, दोन ड्रायव्हर. शनिवारी रात्री नऊपर्यंत प्रत्येकाने कळवायचं, टायर मऊ की कडक, गाडी किती वेळा थांबवून टायर बदलायचे, किती जोरात पळवायची. रविवारी बरोबर बारा वाजता काजल माझा फोटो काढून ग्रुपवर टाकते. मी दाखवीन ते त्या दिवशीच्या रस्त्याचं तापमान. चाळीसच्या वर गेलं की मऊ टायर वितळतात. पस्तीसच्या खाली असलं की कडक टायर घसरतात. मग ती जुन्या लॅपटॉपवर एकेका फेरीचा हिशोब करते आणि शर्यतीची गोष्ट लिहिते. पाठवण्याआधी ओट्यावर बसून मला हळूच वाचून दाखवते.

यात गाडी कुठेच नसते. रस्ताही नसतो. तरी माणसं भांडतात, जागतात, हरल्यावर जेवत नाहीत. पिल्लं बरी, ती खऱ्या थंडीने कुडकुडायची.

हा खेळ कोण चालवतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला ‘अ‍ॅडमिन भाऊ’ म्हणत आणि तिनेही कधी दुरुस्त केलं नाही.

त्या रविवारी हंगामाची शेवटची शर्यत होती. जो जिंकेल, त्याच्या गावाचं नाव पुढच्या हंगामातल्या पहिल्या रस्त्याला मिळणार होतं. हंगाम जिंकण्यासारखे दोघंच उरले होते. एक मदनलाल शेठचा नातू नमन, शहाद्याचा. दुसरा रनाळ्याचा धीरज, सुरतेत कामाला असलेला. धीरज दोन हंगाम दुसराच आला होता. मे महिना म्हणून त्याने कडक टायर लावले होते. नमनने सगळ्यांच्या उलट, मऊ.

अकरा वाजता मी पंचेचाळीसवर होतो. काजलचे आजोबा, मगन आबा, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. लाल रेघ पट्टीच्या टोकाजवळ गेलेली बघून ते चुकचुकले. आत गेले, पाण्यात बुडवलेलं तागाचं बारदान घेऊन आले आणि माझ्याभोवती सुतळीने घट्ट बांधलं. वर गरम वारा वाहत होता, आत मी गारठत होतो. मी सरकत सरकत खाली आलो. ओरडायला मला तोंड नाही.

बाराला दोन मिनिटं कमी असताना आबांनी बारदान सोडून नेलं. काजल आली. माझ्याकडे बघून तिचा हात हवेतच थांबला.

एकोणतीस.

तिने डोळे चोळून पुन्हा बघितलं. मग घड्याळाकडे. नियम तिचाच होता, बारा वाजताचा फोटो अंतिम. तिने फोटो टाकला, निकाल काढला. नमन पहिला, धीरज सहावा.

ग्रुपवर झुंबड उडाली. ती पुटपुटत वाचत होती.

"अ‍ॅडमिन भाऊ, कळसाडीले बर्फ पडना का?"

"मी सुरतमा बसीसन घाम पुसी ऱ्हायनू, अन तठे एकोणतीस?" हे धीरजचं.

नमनने लिहिलं, "फोटो म्हणजे फोटो. नियम आहे. रस्त्याला शहाद्याचं नाव द्या."

काजल माझ्याजवळ आली. माझ्या खिळ्याला तागाचे दोन धागे अडकले होते आणि पट्टीखाली पाण्याचा थेंब होता. तिने थेंब बोटावर घेतला. "आबा, याले कोनी हात लावा?"

"मीच," आबा खुशीत म्हणाले. "काच फुटी जाती, माय. म्हनीसन ओलं बारदान बांधं. पानीना कॅनले बांधतस ना, तसंच. तुले फोटो काढना व्हता, म्हनीसन सोडी टाकं."

"कसाले पन, आबा?"

"तुन्हा जीव त्यामा शे ना."

काजल मटकन ओट्यावर बसली. हे फक्त तिला, आबांना आणि मला ठाऊक होतं. ती गप्प बसली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. बोलली तर स्वतःचाच नियम मोडावा लागणार होता, आणि पुन्हा तिच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवेल की नाही, कोण जाणे.

ती तीनदा लिहायला बसली, तीनदा खोडलं. शेवटी, लिहिलेलं कुणी खरं मानणार नाही म्हणून तिने मोबाईल तोंडाजवळ धरला. मी तिला एवढ्या मोठ्यांदा बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"नमस्कार. मी काजल. खेळ मीच चालवते, दहावीत आहे. आजचा आकडा चुकीचा होता. थर्मामीटर ओला झाला होता आणि मी तपासला नाही. चूक माझी. निकाल रद्द. त्याच टायरवर शर्यत पुढच्या रविवारी."

"चुकी तिन्ही नही, मन्ही शे," मागून आबा म्हणाले. तेही रेकॉर्डिंगमध्ये गेलं.

आधी दोघं ग्रुपमधून बाहेर पडले. तिसरा नमन. जाताना त्याने लिहिलं, "नियम तूच केलास, तूच मोडलास." काजलने ते दोनदा वाचलं. तो खोटं बोलत नव्हता.

पुढच्या रविवारी आबा सकाळी दहापासून काठी घेऊन माझ्याखाली बसले. शेळीलासुद्धा फिरकू दिलं नाही. बाराला मी त्रेचाळीस दाखवले. धीरज जिंकला.

आज शनिवार. उद्या नवीन हंगाम, पहिली शर्यत रनाळ्याच्या नावाच्या रस्त्यावर. संध्याकाळपासून काजल ओट्यावर बसून निरोप मोजतेय. अकराच्या अकरा आले. नऊला थोडी मिनिटं असताना मोबाईल पुन्हा वाजला. तिने आधी मनात वाचलं आणि मग मला ऐकू येईल असं.

"नमन आहे. संघ शिल्लक असेल तर टायर कडक. आणि उद्यापासून दोन फोटो पाठव, एक अकराचा, एक बाराचा. दोन्हीत आबा दिसले पाहिजेत."

माणसांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मी वाटेल तो आकडा दाखवीन, कारण जे अंगाला लागेल तेच मला कळतं. खरं काय, ते विचारायला तुम्हालाच यावं लागेल, काजल आली तसं.

आबांनी उद्याच्या फोटोसाठी टोपी धुतलीय. वाळत घातलीय, माझ्यापासून चांगली चार हात लांब.