माळ्यावरचं हळवं बी

मित्रांनो, मी शेणवे गावच्या जनाबाईची जुनी कणगी. गावातल्या कमळूने मला बांबूच्या कामट्यांनी विणलं, जनाबाईने शेणाने लिंपलं आणि पोटात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात भरलं. कीड लागू नये म्हणून वर राख आणि निरगुडीचा पाला. बियाणं सांभाळायचं, हेच माझं आयुष्य.

पुढे तिच्या मुलाने, किशोरने, पत्र्याची चकचकीत कोठी आणली. बाजारचं बियाणं तिच्यात गेलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते!

"आये, त्या हळव्याचा कशाला सोस?" किशोर चिडवायचा.

"पावसाचा नेम नाय रायला, रे. असू दे घरात."

दरसाल ती एका तुकड्यात हळवं पेरायची आणि ताजं बी माझ्यात भरायची.

२००५ च्या आषाढात ओढा घरात शिरला. अगोबाई, काय ते पाणी! लावलेली खाचरं गाळाखाली गेली. कोठीतलं भात कुजलं. कोरडी राहिले ती मी आणि माझ्याशेजारची थोडी नाचणी.

"आये, कणगीतलं कांडू या ना," सून रविना रडकुंडीला आली. "पोरं भुकेली हायत."

जनाबाईचेही डोळे भरले. पण तिने पदर खोचला. "बी खाल्लं का पुढलं सालबी खाल्लं, गो! आंबील पिऊ, रानातली भाजी खाऊ. पन याला हात नाय लावायचा."

मग सारं घर खाचरांतला गाळ उपसायला लागलं. रोपं करायला वेळ नव्हता. किशोरने बी भिजवलं, गोणपाटाखाली दाबून मोड आणले आणि चिखलातच फेकलं. मी रिकामी झाले. हे गेलं तर पुढे काय, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता.

दिवाळी सरता सरता भात पिवळं झालं. नेहमीपेक्षा कमी, पण आलं! रविनाने नव्या तांदळासाठी आधण ठेवलं, तोच किशोर भाताची पाटी घेऊन माळ्यावर चढला.

"थांब जरा," तो म्हणाला. "आधी कणगी, मग भांडं."

मित्रांनो, आता उंदरांनी माझं बूड कुरतडलंय. मला चुलीत घातलंत तरी राग नाही. पण त्याआधी दुसरी विणा, माळ्यावर बांधा, आणि भरून ठेवा.