तळमाय बोलते तशी

अर्शियाने तो गेम बनवला दुपारी एक ते चारच्या वेळात. मिठबावच्या तिठ्यावर तिचं फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्या तीन तासांत गिऱ्हाईक फिरकत नाही. तिचे अब्बा नुरुद्दीन शटर ओढून घे नि जेवायला चल म्हणायचे, पण ती डबा दुकानातच मागवू लागली. अडीच वर्षं हे असंच चाललं.

त्या गेममध्ये धावायचं नाही, गोळ्या झाडायच्या नाहीत. पडद्यावर एक चित्र येतं. त्यातल्या वस्तूंवर क्लिक करत जायचं, उपयोगी वाटेल ती पिशवीत टाकायची, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि अडलेली वाट मोकळी करायची. गोष्ट अशी, की एका राक्षसाने सुकती, म्हणजे ओहोटी, चोरून नेली आहे. समुद्र भरतो तो भरतोच, मागे जात नाही. पाणी उंबऱ्याला लागलं आहे. मोतन नावाची मुलगी सुकती परत आणायला समुद्राच्या तळाशी जाते. तिथे तळमाय राहते. माणसांनी हरवलेली प्रत्येक वस्तू तिच्याकडे आहे आणि ती सुखासुखी काही देत नाही.

चित्रं अर्शियाने कागदावर रंगवली आणि मोबाइलवर फोटो काढून आत घातली. राक्षसाचा श्वास म्हणजे अब्बांकडे दुरुस्तीला आलेलं होडीचं इंजिन. आणि तळमायचा आवाज काशीबाईचा.

काशीबाई साठी ओलांडलेली. सुकतीला खाडीत उतरून मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणि कालवं काढते, ती विकते. एकदा ती पेन्शनचा फॉर्म भरायला दुकानात आली आणि पडद्यावरचं चित्र बघत उभी राहिली. अर्शियाने गोष्ट सांगितली तशी ती भडकलीच.

"सुकती नाय तर मी मुळे काढू खंय? त्या राक्षसाक माज्याकडे धाड!"

त्याच दिवशी अर्शियाने तिच्यासमोर माइक धरला. खेळणाऱ्याने चुकीच्या जागी क्लिक केलं की तळमाय त्याला झापते. अशी एकशे चाळीस झापणी काशीबाईने मनाने सांगितली. शिंपला दिव्यावर ठेवला तर, "भाजून खातलंस काय? घरात जेवण नाय तुका?" तळमायच्या केसांना हात लावला तर, "परत लावलंस तर बोटां मोडीन!"

हौशी लोकांनी बनवलेल्या गेमची एक राज्यस्तरीय स्पर्धा असते. पुण्याची एक संस्था भरवते. अर्शियाने गेम पाठवला आणि तो शेवटच्या पाचांत आला. अंतिम फेरी त्या वर्षी कणकवलीत होती. संस्थेच्या शर्मिलामॅडमनी स्वतः फोन केला.

"गेम फार सुंदर आहे, अर्शिया. फक्त बोलणं बदलावं लागेल. सगळी पात्रं प्रमाण मराठीत बोलू देत, म्हणजे सगळ्यांना कळेल. आणि त्या म्हातारीचा आवाज जरा रफ वाटतो."

"मी खाली प्रमाण मराठीत ओळी देते ना. वाचता येतील."

"खेळताना वाचत कोण बसतं? आमच्याकडे चांगली व्हॉइस आर्टिस्ट आहे. ती करून देईल."

अर्शिया हो म्हणाली. आजवर तिची कुठेच, कशासाठीच निवड झाली नव्हती.

आठ दिवसांत नवे आवाज आले. तिने ते बसवले आणि शिंपला दिव्यावर ठेवून पाहिला. "कृपया ही वस्तू इथे ठेवू नका," तळमाय म्हणाली.

अब्बा मागे स्क्रू आवळत बसले होते. त्यांनी मान वर केली. "ही स्टेशनावर बोलता तीच बाई काय गो?"

अर्शियाला हसू आलं, आणि मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती दुकान उघडं टाकून खाडीवर गेली. काशीबाई गुडघाभर चिखलात वाकून मुळे उकरत होती.

"काकी, तुजो आवाज मी काढून टाकलंय."

"कित्याक?"

"पुण्याची माणसां म्हणतत, तेंका कळणा नाय."

काशीबाईने मूठभर मुळे टोपलीत टाकले. "तुका कळता?"

"कळता."

"मगे तां तेंका जाऊन सांग. माका कित्याक सांगतंस?" आणि ती पुन्हा वाकली. सुकती थोडाच वेळ असते, तिला बोलत बसायला सवड नव्हती.

त्या दुपारी अर्शियाने जुने आवाज एकेक करून परत बसवले.

अंतिम फेरीच्या सकाळी ती अब्बांना आणि काशीबाईला घेऊन कणकवलीच्या हॉलवर गेली आणि शर्मिलामॅडमना तोंडावर सांगितलं, "मी माझाच गेम दाखवणार. बदललेला नाही."

"ते नियमात बसत नाही. आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी चुकून हो म्हणाले."

"नीट विचार कर. या जिल्ह्यातून पहिल्यांदाच एक गेम इथवर आलाय."

"म्हणूनच, मॅडम."

शर्मिलामॅडमनी हॉलच्या शिपायाला हाक मारली. दारातल्या फलकावर अर्शियाच्या नावावर त्याच्याकडून कोरा कागद चिकटवून घेतला.

अर्शिया घरी गेली नाही. हॉलच्या समोर, रस्त्यापलीकडे महादूची चहाची टपरी होती. तिने त्याच्याकडे एक टेबल आणि प्लग मागितला. महादूने बिस्किटांच्या बरण्या बाजूला सारल्या. अब्बांनी तिच्या लॅपटॉपला स्पीकर जोडला. काशीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, ती बाकावर पदर सावरून बसली.

पहिली आली नांदगावची संचिता. कॉलेजातली मुलगी, हॉलमध्ये निघाली होती. तिने सहज तळमायच्या केसांवर क्लिक केलं आणि "बोटां मोडीन!" असं भर रस्त्यात घुमलं. दोन रिक्षावाले थांबले. चहा प्यायला आलेली माणसं ग्लास घेऊन मागे उभी राहिली. संचिता दिव्याच्या खोलीत अडकली तशी काशीबाईला राहवेना. "अगो, पयली पिशवी बघ ना तुजी!" ती बाकावरून ओरडली. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि आवाज कोणाचा ते सगळ्यांना एकदमच कळलं. मग गर्दी हटेना.

हॉलमधून एक गृहस्थ बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पाहुण्याचा बिल्ला.

"हे असलं बोलणं मुलांना ऐकवायचं? आधीच शहरात आपल्या बोलण्याची चेष्टा होते."

"तुम्ही घरी कसं बोलता, साहेब?" अर्शियाने विचारलं.

"घरचं वेगळं."

"माझी गोष्टही घरचीच आहे. मोतनचं घर बुडतंय. तेव्हा ती तुमच्यासाठी प्रमाण मराठीत ओरडेल?"

गृहस्थ आत परत गेले नाहीत, कडेला उभे राहिले.

थोड्या वेळाने शर्मिलामॅडम रस्ता ओलांडून आल्या. "अर्शिया, हे बंद कर. आतल्या खुर्च्या रिकाम्या पडल्यात."

"रस्ता संस्थेचा नाही, मॅडम."

संचिता उठली आणि तिने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. नाही म्हणायला जागा नव्हती, इतकी माणसं बघत होती. त्या बसल्या. त्यांनी शिंपला उचलला आणि दिव्यावर ठेवला. "घरात जेवण नाय तुका?" तळमायने विचारलं. सगळी टपरी हसली. मॅडम लाल झाल्या, मग त्याही हसल्या. दहा मिनिटं खेळल्या. एक दार उघडलंसुद्धा. मग घड्याळ बघून उठल्या.

"निर्णय बदलणार नाही," त्या म्हणाल्या.

"मी कुठे बदला म्हटलंय?"

बक्षीस नाशिकच्या एका अंतराळयानाच्या गेमला मिळालं. तोही चांगला होता, अर्शियाने तो नंतर पूर्ण खेळला.

दुसऱ्या दिवशी तिने आपला गेम कोणालाही फुकट उतरवून घेता येईल असा नेटवर ठेवला. चार महिन्यांत एकोणीसशे लोकांनी तो घेतला. एकही शब्द कळला नाही असं काहींनी कळवलं. त्यांना तिने खालच्या ओळी सुरू करायचं बटण कुठे आहे ते लिहिलं. एका शिक्षकाने तक्रार केली, की वर्गातली पोरं एकमेकांची बोटं मोडायची भाषा करतात. रेडीचं एक कुटुंब कुवेतला असतं, शुक्रवारी सगळे मिळून खेळतात, त्यांनी काशीबाईला सलाम कळवला. काशीबाईने तो दोनदा वाचून घेतला.

या वर्षी शर्मिलामॅडमचा पुन्हा फोन आला.

"एक चांगली बातमी आहे. आम्ही यंदा बोलीभाषांसाठी वेगळा विभाग ठेवलाय. तुझ्यामुळेच म्हण हवं तर. तळमाय आहे तशी चालेल."

अर्शिया झेरॉक्स मशिनला कागद लावत होती. तिने मशिन बंद केलं.

"वेगळा विभाग नको, मॅडम. सगळे उतरतात त्यात उतरेन."

"मग तुला पुन्हा तोच त्रास होईल."

"मला नाही होणार."

"कमिटीला विचारून सांगते," मॅडम म्हणाल्या.

त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. अर्शियाने मुख्य विभागाचा फॉर्म भरून पाठवला आहे. त्यात 'भाषा' असा रकाना होता. तिने तिथे मालवणी लिहिलं.