गेनोवेफाबाईंच्या चुलीवरचा आळ

मित्रांनो, मी पोलंडमधली सिमेंटची एक जुनी भट्टी आहे. आडवी, लांबलचक, पोटात आग घेऊन गोल गोल फिरणारी. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण आज सांगतेच.

लहानपणी मी नुसता कोळसा खायचे. पुढे फाटके टायर, कारखान्यांत उरलेलं रबर, रंगांचा चिकट गाळ असं न कुजणारं सगळं माझ्या पोटात येऊ लागलं. युरोपभर माझ्या कितीतरी बहिणी हेच खातात. "कचऱ्यातून केवढी ऊर्जा!" म्हणत पाहुणे माझं कौतुक करायचे आणि मी फुगायचे.

टायर मात्र मोजूनच टाकावे लागतात. घाई केली की ते अर्धवट जळतात, विषारी, पेट घेणारा वायू वाढतो, आणि स्फोट होऊ नये म्हणून माझं धूळ पकडणारं यंत्र आपोआप बंद होतं. मग सगळी राख गावावर.

मे महिन्यातला रविवार होता. गावातल्या मुलींचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा सोहळा. पांढरे झगे, डोक्यावर पांढऱ्या ओढण्या. टायर टाकणाऱ्या लुद्विकची नात कालिनाही त्यात होती. ठरलेले टायर लवकर संपवून त्याला चर्च गाठायचं होतं.

"लुद्विक, दमानं घे रे! वायू वाढतोय," पडद्यावरचे आकडे बघत माझ्यावर देखरेख ठेवणारी बोझेना ओरडली.

"नात काय दर रविवारी पहिलं कम्युनियन घेते? टाकू दे मला!"

टायर संपवून तो धावत गेला. इकडे यंत्र बंद पडलं. माझ्या उंच धुराड्यावरून मला सगळं दिसत होतं. मिरवणुकीवर करडी राख उतरली, मुली रडू लागल्या. माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही. आमच्याकडे मेच्या मध्यात चार दिवस थंडी परतते, म्हणून चर्चशेजारच्या म्हाताऱ्या गेनोवेफाबाईंनी चूल पेटवली होती.

"काय हो बाई, जुन्या चपला जाळताय की काय?" लोक त्यांच्यावर तुटून पडले.

लुद्विक तिथेच होता. राख कुठली हे ओळखूनही तो कालिनाची ओढणी झटकत राहिला.

तिसऱ्या दिवशी गेनोवेफाबाई कारखान्याच्या फाटकाशी आल्या. कालिनाची ओढणी त्यांनी तिच्या आईकडून मागून नेली होती. धुऊन, इस्त्री करून आणली होती.

"लुद्विक, बाळा, लाकूड ओलं होतं रे. पोरीचा दिवस मी नासवला. डाग गेलाय बघ."

लुद्विकने ओढणी घेतली. "असू दे, काकू," एवढंच म्हणाला.

माफी आम्ही मागायची होती, आणि आम्ही ती घेऊन बसलो.

मित्रांनो, मला काय खाऊ घालायचं ते मोठी माणसं ठरवतील. पण जे घालाल ते मोजून घाला. यंदा गुडघाभर बर्फ पडलं, तरी पुन्हा कोणावर राख पडेल या भीतीने गेनोवेफाबाईंनी धुराड्यातून धूर निघू दिला नाही. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात तर आधी त्यांची चूल पेटवा, आणि मग सांगा, राख माझी होती.