जाळ्यावरून ओढलेली होडी

शत्रूच्या पाणबुड्या आत येऊ नयेत म्हणून नौदलानं बंदराच्या तोंडाशी पोलादी जाळं टाकलं, आणि त्याचं दार उघडायचं काम आम्हा बेटावरच्या बायकांच्या गळ्यात पडलं. रोज होड्या वाळूवर ओढून आमचे दंड असे झाले होते, की नवरे जपूनच बोलायचे. मुकादम अर्थातच माझ्या सासूबाई. घरात हुकूम सोडून त्यांचं मन भरत नव्हतं, आता बंदराचा धक्काही मिळाला.

त्या सकाळी माझा नवरा वल्ही मारत परत येत होता. होडी माशांनी काठोकाठ भरलेली. आम्ही रहाट फिरवून दार उघडत होतो, तोच सासूबाई ओरडल्या, "थांबा! त्याच्या मागं काय आहे ते?"

होडीमागं पाण्यातून एक काळी नळी सरकत येत होती. पाणबुडी! दार उघडलं तर ह्यांच्या पाठोपाठ तीही आत घुसणार, आणि आत आपल्या युद्धनौका दुरुस्तीला उभ्या.

"दार लाव."

"अहो, तुमचा मुलगा आहे तो!"

"मला सांगतेस? मी जन्म दिलाय त्याला. लाव म्हणते ना!"

मी रहाट उलटा फिरवला. दार लागलं आणि माझा नवरा बाहेर राहिला.

सासूबाईंनी बाह्या सरसावल्या. "अरे, मासे फेक सगळे! दोर टाक इकडे!"

"सगळे?" म्हणत ह्यांनी मागं पाहिलं. मग मात्र मासे भराभर पाण्यात गेले आणि दोर आमच्या हातात आला.

"रोज वाळूवरून ओढता, आज जाळ्यावरून ओढा!"

आम्ही जीव खाऊन ओढलं. होडीचं नाक जाळं तरंगत ठेवणाऱ्या पिंपांवर चढलं, पिंपं दबली, तळ करकरला आणि होडी धपकन आत पडली. मागून पाणबुडी, दार उघडंच असणार या भरवशावर, भरधाव आली आणि जाळ्यात घुसली. जितकी धडपडली तितकी गुरफटली. शेवटी झक मारत वर आली, तेव्हा आमची तोफनौका समोरच उभी होती. शत्रूचे खलाशी हात वर करून बाहेर आले. बंदरातले सगळे भोंगे एकदम वाजले, आणि आम्ही बायका भोंग्यांपेक्षा मोठ्यानं ओरडलो.

सासूबाई मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडल्या. मीही रडले, लाजले नाही.

नौदलाचा अधिकारी धावत आला. "रहाटावर कोण होतं?"

सासूबाईंनी डोळे पुसले, माझा हात धरून मला पुढं ओढलं आणि साऱ्या बंदराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी लेक!"