बसणाऱ्याचा फासा

‘चूक’ हा रकाना अनुजानं सगळ्यात शेवटी भरला. तोवर खेळातल्या पट्टेकऱ्याचं बाकी सगळं ठरून गेलं होतं. त्याचं बळ किती, चपळाई किती, दांडपट्टा हातात असताना फाशावर जास्तीचे किती मिळणार, लाठी असताना किती, एका फेरीत वार किती. तिनं ते सवयीप्रमाणे तक्त्यात बसवलं आणि प्रत्येक आकड्यासमोर कारण लिहिलं. मग ‘चूक’ या रकान्यात एकचा आकडा घातला. वीस बाजूंच्या फाशावर एक पडला, की पट्टेकऱ्याचा वार चुकणार आणि शेजारच्या साथीदाराला लागणार. कारणाच्या जागी तिनं लिहिलं, ‘प्रत्यक्षात एकदा.’

खेळ झिशानचा होता. लक्ष्मीपुरीत त्याचा छोटा छापखाना होता आणि छापखान्याच्या माडीवर गेली चार वर्षं दर रविवारी दुपारी चौघं जण एका टेबलाभोवती बसत. झिशान सूत्रधार. तो सांगणार, समोर जंगल आहे, जंगलात पडका गड आहे, गडाच्या दारात कोणीतरी उभं आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवणार. इतके दिवस ते इंग्रजी पुस्तकांवरून खेळत होते. आता झिशान मराठीत स्वतःचं पुस्तक काढत होता. त्यात सहा पेशे होते. वैदू, हेर, मांत्रिक, शाहीर आणि वाटाड्या लिहून झाले होते. सहावा हत्यारात मुरलेल्या माणसाचा, तो त्यानं अनुजाकडे दिला.

“तुझ्या घरातलंच हाय ते,” तो म्हणाला होता.

घरातलं होतं खरं. अनुजाचे वडील गणपतराव चाळीस वर्षं तालमीत मर्दानी खेळ शिकवत होते. लाठी, बोथाटी, तलवार सगळंच, पण त्यांचं नाव होतं ते दांडपट्ट्यासाठी. डोळ्यांवर पट्टी बांधून, समोर बसलेल्या माणसाच्या मानेवरचं लिंबू ते पट्ट्यानं कापत. लिंबाच्या दोन फोडी पडत आणि बसणाऱ्याच्या मानेवर फक्त रस उरे. जूनमध्ये त्यांच्या छातीत दुखलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतरच्या सोमवारी अनुजा कागलच्या कारखान्यात कामावर हजर झाली. तिथं ओतकामाच्या तुकड्यांची तपासणी तिच्याकडे होती. तुकडा कापायचा, घासून आरसा करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कठीणपणा मोजून लिहायचा. ती रडली नव्हती. लोक म्हणाले, धीराची आहे. तिला तो धीर वाटत नव्हता. दाढ काढण्याआधी सुई दिल्यावर ओठ जसा होतो, तसं काहीतरी होतं. बोट लावलं तर ओठ जागेवर असतो, पण तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. सुई उतरायला तास-दोन तास लागतात. या बधिरपणाला साडेतीन महिने झाले होते.

गेल्या रविवारी पट्टेकरी पहिल्यांदा खेळून बघितला, आणि तो फसला. सम्राटनं पट्टेकरी घेतला होता. हा बिद्रीच्या साखर कारखान्यातला फिटर, मोटारसायकलवरून यायचा आणि टेबलावर सगळ्यात मोठा आवाज त्याचा असायचा. त्यानं अर्ध्या तासात गडावरची सगळी भुतं कापून काढली. वैदू झालेली संयोगिता फोन बघत बसली. वाटाड्या झालेल्या अनुजाला दोन तासांत एकदाच फासा टाकायला मिळाला.

“मजा आली की!” सम्राट म्हणाला.

“तुला आली,” संयोगिता म्हणाली. “आम्ही काय तुझ्या लग्नाच्या वरातीत आलोय व्हय, मागनं चालायला?”

झिशाननं तक्ता उचलून पुन्हा वाचला. “अनुजा, वाईट वाटून घेऊ नको. आकडे बरोबर आहेत. पण हा माणूस झाला नाही, मशीन झालं. दहा दिवसांनी, बुधवारी, पुस्तक मशीनवर चढवायचंय. पुढच्या रविवारी जमलं तर बघू, नाहीतर त्याजागी साधा शिपाई घालतो.”

“ठीक आहे,” अनुजा म्हणाली.

जिना उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली. तालमीत आता वजनं उचलायची यंत्रं आली होती. बाबांचा पट्टा घरी कपाटावर, त्यांच्याच धोतरात गुंडाळलेला पडून होता आणि तो मागायला कुणी आलं नव्हतं. शिकवलेली पोरं पुण्यात, बंगळुरात नोकरीला होती. बाबांचं जे होतं, ते आता या एका पानावर होतं. ते पान गेलं, की कुठंच काही उरणार नव्हतं. हे तिला स्वच्छ कळलं. प्रयोगशाळेतल्या तुकड्यात तडा दिसावा, तितकं स्वच्छ. पण कळण्यापलीकडे काही झालं नाही. ती उरलेल्या पायऱ्या उतरली.

दोष ‘चूक’ या रकान्यात असणार, असं तिनं ठरवलं. विसात एक, हे प्रमाण तिनं नुसतं फाशाच्या सोयीनं घेतलं होतं. खरं प्रमाण काढायला हवं होतं. बाबांची चूक एकच, ती तिला माहीत होती. ती सात वर्षांची असताना एका जत्रेत पट्टा मानेवर लिंबू घेऊन बसलेल्या इमामचाचांच्या खांद्याला लागला. अकरा टाके पडले. त्यानंतर वर्षभरातच बाबांनी लिंबाचा खेळ सोडला. घरी तो विषय निघत नसे. निघालाच तर बाबा एवढंच म्हणत, “माझा हात चुकला.” पण एकूण लिंबं किती कापली, ते ती त्यांना विचारायची राहून गेली होती.

गुरुवारी कामावरून सुटल्यावर ती गंगावेशीत इमामचाचांच्या दुकानात गेली. चाचा कुलपं दुरुस्त करत. बाबांच्या पट्ट्याखाली बावीस वर्षं तेच बसले होते. तिला बघून त्यांनी हातातली कानस खाली ठेवली नाही, नुसतं पायानं स्टूल पुढं सरकवलं.

“ये. वाळलीस गं.”

“चाचा, एक विचारायचं होतं. बाबांनी तुमच्या मानेवर एकूण किती लिंबं कापली असतील?”

“मी काय तुझ्या कारखान्यात कामाला हाय व्हय, आकडं लिहून ठेवाय?”

“अंदाज सांगा.”

चाचांनी वर बघितलं. “वरसाला वीस खेळ धर. एका खेळात दोन लिंबं. लोक लईच वरडायला लागली तर तिसरं.”

बावीस गुणिले वीस गुणिले दोन. तिनं वहीत आठशे ऐंशी लिहिलं आणि वरची धरून नऊशे केलं. “म्हणजे नऊशेत चूक एक,” ती म्हणाली.

“कुणाची?”

“बाबांची. तुमच्या खांद्याची.”

कानस थांबली. “त्येनं सांगितलं तुला असं?”

“हो.”

“सांगणारच की त्यो.” चाचांनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले. “मुंगळा चावला मला.”

“काय?”

“मुंगळा गं. हितं, कानाच्या मागं. झाडाखाली खेळ हुता. पट्टा निघाला आन मी मान आखडली. एवढीच.” त्यांनी दोन बोटांत जागा दाखवली. फारतर दोन सेंटिमीटर, अनुजाच्या मनानं नोंद घेतली. “त्येच्या डोळ्यावर पट्टी. जितं ठरलं हुतं तितंच त्येनं मारला. तितं लिंबू न्हवतं, मी हुतो.”

“मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?”

“बोललो की! टाकं घालत हुते तवाच वरडलो, गणप्या, मी हाललो म्हणून. तर मलाच म्हटला, गप बस. बसणाऱ्याची चूक धरत न्हाईत. आमच्या तालमीत पहिल्यापासनं तसंच हाय. हत्यार ज्येच्या हातात, चूक त्येच्या नावावर. तसं न्हाय केलं तर उद्या पट्ट्याखाली बसंल कोण?”

“पण मग त्यांनी खेळ का सोडला?”

चाचा समोरच्या कुलपाकडे बघत म्हणाले, “मी भ्यालो. पुढच्याच खेपंला बसलो तर मान थरथराय लागली. थांबंचना. त्येनं पट्टी सोडली आन माणसांत सांगितलं, मंडळी, माझा हात आता पहिल्यासारखा ऱ्हायला न्हाय. ते शेवटचं. दुसरा कुणी बसवला असता तर चालला असता त्येचा खेळ. न्हाय बसवला.”

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. अनुजानं वहीत लिहिलं, ‘हलला: बसणारा. नाव: पट्टेकरी.’ अक्षर नेहमीसारखंच आलं. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिला वाटलं, आणि तिनं थोडी वाट बघितली.

“पट्ट्याला तेल लावलंस का?” चाचांनी विचारलं.

“नाही.”

“लाव. पाऊस झालाय, गंज धरंल. मशीनचं तेल चालतंय.”

शुक्रवारी आणि शनिवारी तिनं तक्ता नव्यानं मांडला. जास्तीचे आकडे बहुतेक खोडून टाकले. आता एकटा लढणारा पट्टेकरी कुठल्याही शिपायासारखाच होता. पण साथीदाराच्या अंगावर काही बसलं असेल, गळ्याला फास असेल, मानगुटीवर भूत असेल, तर ते फक्त पट्टेकरीच कापू शकणार होता. त्यासाठी साथीदारानं त्याच्यापुढं स्थिर बसायचं, आणि फासा बसणाऱ्यानं टाकायचा. पाचाच्या वर पडला, की वार बरोबर. पाच किंवा कमी पडला, तर बसणारा हलला. तेव्हा डाग पडणार, तो पट्टेकऱ्याच्या पानावर. तीन डाग झाले, की पट्टा कायमचा खाली. पाचच का, याला तिच्याकडे आधार नव्हता. कारणाच्या जागी तिनं खरं ते लिहिलं, ‘अंदाज.’

रविवारी झिशाननं पान वाचलं आणि खेळ लावला. तासाभरानं गडाच्या टाक्यापाशी वाटाड्याच्या, म्हणजे अनुजाच्या, मानगुटीवर भूत बसलं.

“ताई, हलू नका, कापतो!” सम्राटनं फासा उचलला.

“तू नाही,” झिशान म्हणाला. “अनुजा टाकणार.”

“आरं, पट्टा माझ्या हातात आन फासा त्यांच्या? मग मी काय नुसतं नाचू?”

अनुजानं फासा टाकला. तीन.

“हाललासा की ताई!”

“डाग,” झिशान म्हणाला. “सम्राट, तुझ्या पानावर.”

“आँ? मी काय केलं?”

“काही नाही,” अनुजा म्हणाली. “मी हलले. डाग तुझ्या पानावर.”

“ह्यो कुठला न्याय?” सम्राटनं संयोगिताकडे बघितलं. “तू तरी सांग की गं.”

“पट्टेकरी तूच मागून घेतलास,” संयोगिता म्हणाली. तिचा फोन टेबलावर पालथा पडला होता. “काढ डाग.”

कुरकुरत त्यानं पेन्सिलीनं डाग काढला. भूत अजून मानगुटीवर होतं. झिशाननं विचारलं, “पुन्हा?” गेल्या रविवारी सम्राटनं प्रश्न संपायच्या आत फासा फेकला असता. आता तो स्वतःच्या पानाकडे बघत राहिला आणि मग अनुजाकडे वळला. आवाज खाली आला होता.

“बसताय का ताई परत?”

“बसते.”

पुन्हा फासा. चार.

या वेळी कुणी ‘डाग’ म्हटलं नाही. सम्राटनं स्वतःच पेन्सिल उचलली, दुसरा डाग काढला, गिरवून काळा केला. झिशान सूत्रधाराच्या आवाजात म्हणाला, “टाक्याभोवती गाव जमलंय. वाटाड्याच्या खांद्यातून रक्त येतंय. म्हातारा पाटील विचारतो, काय झालं रे?”

हे तक्त्यात नव्हतं. सम्राट खुर्चीत पुढं सरकला. संयोगितानं तोंड उघडलं, तर त्यानं हातानं तिला थांबवलं.

“सांगतो त्यास्नी,” तो म्हणाला. “माझा हात चुकला.”

अनुजानं खाली टेबलाकडे बघितलं. टेबलावर चार पानं, दोन पेन्सिली, शेंगांची टरफलं. सम्राटला बाबांबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. चाचांचं बोलणं तिच्या वहीत होतं आणि वही पिशवीत.

“अजून एक डाग, की पट्टा गेला तुझा,” झिशान म्हणाला. “भूत आहे तिथंच आहे. वाटाड्याला इथंच ठेवून पुढं जाता येईल.”

“ठेवून कसं जाईन?” सम्राट उखडला. “ताई, बसा. पण तुमची इच्छा असंल तरच.”

अनुजानं फासा घेतला. तळहात ओला झाला होता. तिनं फासा ओढणीला पुसला, पुन्हा हातात घेतला, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण मान पुढं वाकवून बसलोय, कानामागची जागा मोकळी करून. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ती तशीच ठेवली आणि फासा सोडला.

चौदा.

सम्राट एवढ्या मोठ्यानं ओरडला की खाली छापखान्यात कुणीतरी “काय झालं रं?” म्हणून हाक दिली. संयोगितानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. झिशान हसत नव्हता. तो पट्टेकऱ्याचं पान बाकीच्या पाच पेशांच्या गठ्ठ्यात सरकवत होता, सगळ्या कडा जुळवून.

“राहिला हा,” तो म्हणाला. “बुधवारी छापतो. तो अंदाज तेवढा काढ, काहीतरी बरं कारण लिही.”

“नको. अंदाजच आहे तो.”

“बरं.”

तिनं पिशवी उचलली, वही आत आहे ना ते बघितलं. दारापर्यंत गेली आणि परत आली.

“झिशान, मशीनचं तेल असेल का थोडं?”

“कशाला?”

“पट्ट्याला.”

तो खाली गेला आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत तेल घेऊन आला. बाटलीचं झाकण नीट बसत नव्हतं. अनुजानं ती रिक्षात दोन्ही हातांनी उभी धरली, आणि घर येईपर्यंत हात हलू दिले नाहीत.