उकळलेल्या तारा

चैत्राची संध्याकाळ कृष्णाकाठी सावकाश उतरते. आधी नदीवरचा प्रकाश पिवळा होतो, मग केशरी, मग पिंपळाच्या कोवळ्या पालवीसारखा ताम्रवर्णी. आणि मग तो घाट चढून, बोळ ओलांडून, कुमुदिनीच्या परसातल्या मोगऱ्यापाशी येऊन थबकतो. त्या वेळी ती रोज एकच काम करी. कोपऱ्यातली बास गिटार मांडीवर घेई, अँप्लिफायरला वायर जोडी, आणि सर्वांत जाड तार अंगठ्याने एकदाच छेडी.

एकच स्वर. मंद्र, घनगंभीर, स्निग्ध स्वर. फरशीतून, भिंतीतून, तळपायांतून तो वर चढे आणि तिच्या छातीत येऊन बसे. तो तिच्या नवऱ्याचा, श्रीरंगचा स्वर होता. श्रीरंग गेल्या श्रावणात गेला. त्याचा स्वर घरातच राहिला होता. तो विरेपर्यंत ती डोळे मिटून बसे, मग गिटार जागेवर ठेवून दिवा लावायला उठे.

ती ऑर्केस्ट्रात गाणारी, आणि तो तिच्या मागे, दिव्यांच्या झोतापलीकडे, सावलीत उभा राहून बास वाजवणारा. लोक गाणारीकडे बघतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या देतात. बासवाल्याचं नाव विचारायला आजवर कोणी स्टेजवर चढलेलं नाही. तो वाजवायचा थांबला तरच लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, आणि काय चुकलं ते तेव्हाही कळत नाही. कुमुदिनीला मात्र पक्कं ठाऊक होतं, आपण कशावर उभ्या आहोत ते. गाण्याच्या तोंडाशी ती श्वास घेई, आणि मागे त्याचं बोट तारेवर जरासं थांबे. तिचा खांदा वर उचललेला दिसला की मगच तो स्वर सोडी. सबंध संसारात त्याने तिला याहून मोठं असं काही दिलं नाही, आणि तिनेही मागितलं नाही.

ही गिटार निवडताना त्याने पुण्याच्या दुकानदाराला अगदी नकोसं करून सोडलं होतं. लाल, निळ्या, लखलखत्या गिटारी समोर मांडल्या गेल्या. त्याने एकीलाही वायर जोडू दिली नाही. प्रत्येकीच्या लाकडाला कान लावून तो तार छेडी आणि मान हलवून ती परत देई. शेवटी कोपऱ्यातली एक तपकिरी, खरचटलेली, कुणाच्या तरी पट्ट्याने खांद्याशी झिजलेली गिटार त्याने उचलली. ‘ही कमी बोलते,’ तो म्हणाला. दुकानदाराला वाटलं, किंमत पाडतोय. ती स्तुती होती, हे फक्त कुमुदिनीला कळलं.

त्या गिटारीच्या तारा त्याने कधी बदलल्या नाहीत. वाजवून झाल्यावर इतर वादक फडक्याने तारा पुसतात. तो घामेजल्या बोटांनिशी गिटार तशीच खुंटीला लावी. नवी तार छनछनते. मग बोटांचा घाम, त्वचेचं तेल, मांडवातली धूळ तिच्या वेढ्यांत मुरत जाते, आणि तार हळूहळू मवाळ होते. त्या तारांत श्रीरंगचे सारे उन्हाळे मुरले होते. साऱ्या जत्रा, साऱ्या वराती, साऱ्या घामाघूम संध्याकाळी.

यंदाच्या जत्रेत कुमुदिनीने पुन्हा गावं, आणि श्रीरंगच्या जागी त्याच्या धाकट्या भावाने, जयवंताने बास वाजवावी, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तिने किती दिवस हो म्हटलं नाही. श्रीरंग गेल्यापासून तिच्या गळ्यातून एक ओळ निघाली नव्हती. गळा बरा होता. पायाखालची जमीन गेली होती. अखेर एका संध्याकाळी तो एकच स्वर छेडून ती दिराला म्हणाली, ‘ह्या आवाजावर मी उभी राहीन, भावजी. तेवढा आवाज चांगला ठेवा.’

जयवंत भला माणूस. आणि भल्या माणसाच्या हातून एकदा काही होऊन बसलं, की ते निस्तरणं कुणाच्या बापाला जमत नाही.

बासवाल्यांत एक जुनी रीत आहे. तार मंद झाली की तिला मेलेली म्हणतात, आणि नवी घेण्याआधी एकदा उकळून बघतात. मळ सुटतो, तार पुन्हा खणखणते. कुमुदिनी बाजाराला गेली असताना जयवंताने तारा उतरवल्या, त्यांची वेटोळी केली, चुलीजवळचं दुधाचं पातेलं घेतलं आणि पाण्याला खळखळून उकळी आणली. पाणी करडं झालं, मग काळपट. ते त्याने समाधानाने पाहिलं. तारा उन्हात वाळवून, ताणून, सुरात लावून तो ओटीवर वहिनीची वाट बघत बसला.

‘वहिनी, तारा पार मेलेल्या हुत्या,’ ती उंबऱ्यात येताच तो म्हणाला. ‘चांगल्या उकळून काढल्या. आता बघा कशा बोलत्यात.’

तिने पिशवी खाली ठेवली आणि अंगठ्याने जाड तार छेडली. स्वर आला. कोरा, लखलखीत, दुकानातल्या नव्या भांड्यासारखा स्वर. तो पुष्कळ वेळ घुमला, आणि त्यात कोणीही नव्हतं.

‘पाणी कुठं टाकलं?’ तिने विचारलं.

‘मोगऱ्याला घातलं. वाया कशाला घालवायचं?’

ती परसात गेली. मोगऱ्याच्या आळ्यात माती अजून ओली होती. तिने तिथे गुडघे टेकले, दोन्ही तळहात चिखलावर दाबले, आणि तशीच बसून राहिली. ती भयाने गारठली होती. श्रावणात माणूस गेला तेव्हा निदान चार माणसं खांदा द्यायला होती. आज तो पुन्हा गेला होता, भर दिवसा, स्वतःच्या स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्यात, आणि माती त्याला तिच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकत होती. माती कुणासाठी थांबत नाही.

जयवंताला हळूहळू उमगलं. उमगलं तेव्हा तो खांबाला टेकून खालीच बसला.

मग सुरू झाली ती केविलवाणी धडपड. टोनचं बटण पार शेवटपर्यंत उतरवून झालं. स्वर बुजला, पण मवाळ झाला नाही. तारांखाली स्पंज सारून झाला. स्वर ठोकळ्यासारखा वाजला. जयवंताने मिरजेहून एकाचा जुना, जडशीळ अँप्लिफायर आणला, दुसऱ्याचा लहान आणला, स्पीकरचे मोठे बॉक्स भिंतीकडे तोंड करून लावले. कुमुदिनीने तारांना खोबरेल चोळलं. शेवटी तिने ट्रंकेतून श्रीरंगचा कार्यक्रमाचा रेशमी सदरा काढला आणि त्याची कॉलर तारांवरून घासत राहिली, वर, खाली, वर, खाली, जिवाच्या आकांताने. पण सदरा तिनेच धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. त्याला साबणाचा वास येत होता.

जत्रेला ती गेली. मोरपंखी शालू, गजरा, दिव्यांचा धवल झोत; सगळं पूर्वीसारखं. माइकसमोर ती उभी राहिली, मागून बासचा स्वर आला, स्वच्छ, टवटवीत, निर्दोष. तिने तोंड उघडलं. मग मिटलं. मग हलकेच मागे वळून ती पायऱ्या उतरली. गर्दी चांगली होती, कोणी हुर्यो केली नाही. निवेदकाने हसत हसत दुसरं गाणं पुकारलं.

आणि वैशाख आला. आटलेल्या नदीचा, तापलेल्या वाळूचा, पांढऱ्या फटफटीत दुपारींचा वैशाख. कुमुदिनी दार लोटून, पंखा बंद करून, गिटार घेऊन बसू लागली. रिकाम्या वेळी श्रीरंगने तिला थोडं शिकवलं होतं. गाण्याखालची साधी चाल तिला येत होती. तीच ती वाजवी, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बोटांना फोड आले, फुटले, सुकले, पुन्हा आले. कपाळावरचा घाम मनगटावरून ओघळत तारांत उतरे, आणि ती तो पुसत नसे.

जयवंत रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन येई आणि ओटीवर बसे. ‘वहिनी, पंखा तरी लावा,’ तो एकदा म्हणाला.

‘घाम यायला पायजे, भावजी.’

त्यानंतर तो डबा उंबऱ्यात ठेवी. अपराधी माणूस जसा बसतो, तसा भिंतीकडे बघत बसून राही.

तारा मवाळत गेल्या. आधी त्यांची झळाळी गेली, मग खणखण गेली, मग एका संध्याकाळी, ताम्रवर्णी प्रकाश घाट चढून येत असताना, खालून एक जाड, ओलसर, काळोखा स्वर उठला. फरशीतून तो ओटीवर पोचला. जयवंत ताडकन उभा राहिला. दाराची चौकट धरून तो केस पिकलेला माणूस लेकरासारखा रडू लागला.

‘दादाच वाजवायलाय, वहिनी,’ तो म्हणाला. ‘तसाच थांबायलाय बघा. सुरावर यायच्या आधी जरासा थांबायलाय.’

कुमुदिनीने ऐकलं. स्वर श्रीरंगचा नव्हता. त्यातला थेंब न् थेंब तिच्या अंगचा होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण थांबणं त्याचं होतं. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी तिचं बोट तारेवर आपसूक थांबत होतं, तो जन्मभर थांबला तसं, कुणाच्या तरी श्वासासाठी. तो उभा राही त्या जागी आज ती होती. तो रोज काय बघत असे ते तिला आता दिसलं: पाठमोरा शालू, गजरा, आणि गाण्याआधी हळूच वर उचलला जाणारा एक खांदा. ती जागा आता मोकळी होती. तिथे उभं राहून गाणारी बाई इथे, फरशीवर, गिटार घेऊन बसली होती, आणि तिच्या गळ्यात गाणं नव्हतं.

परसात मोगरा फुलला होता. पांढराशुभ्र, भरगच्च, बेफिकीर. मोगऱ्याला काय, पाणी मिळालं की झालं.

तिने तार छेडली, आणि थांबली. पुन्हा छेडली, आणि थांबली. सावल्या लांबल्या, प्रकाश मोगऱ्यावरून उतरला, अंगण निळसर झालं. ती छेडत राहिली, थांबत राहिली, आणि समोरच्या मोकळ्या अंगणात कोणी श्वास घेतला नाही.