पावसात कुणी गेलंच नव्हतं

बर्फामुळे शाळेला सुट्टी मिळाली की अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातली यच्चयावत पोरं नाचतात. इलाही नाचून झाल्यावर खिडकीशी उभी होती. रेणू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. उद्याच्या मीटिंगच्या काळजीने ती एकच चहा पुन्हा पुन्हा गरम करत होती आणि पुन्हा पुन्हा विसरत होती.

"टायलर हेट्स स्नो डेज," इला तिच्या वर्गातल्या मित्राबद्दल म्हणाली.

"का गं? सुट्टी नको त्याला?"

"नो लंच, मॉम. ही ईट्स ॲट स्कूल."

एवढं बोलून इला स्नोबूट शोधायला पळाली. टायलरला पोटभर मिळतं ते शाळेच्या फुकट जेवणातच, हे रेणूच्या लक्षात आलं. पोर उपाशी आहे का, हे शाळेच्या दिवशी विचारलं तर एक उत्तर येणार आणि सुट्टीच्या दिवशी दुसरं. मग आपण कधी विचारलं होतं? तिने लॅपटॉपवर पाहणीच्या तारखा काढून पाहिल्या, आणि चहा गरम करायचंही विसरून गेली.

रेणू एका लहानशा संशोधन संस्थेत अर्थतज्ज्ञ होती. वॉशिंग्टनची एक मोठी बँक गरीब देशांना कर्ज द्यायची आणि त्यातून गरिबी खरोखर कमी झाली का, हे रेणूची संस्था तपासायची. या खेपेला पाळी होती आफ्रिकेतल्या एका डोंगराळ देशाची. बँकेच्या पैशातून तिथे गावोगाव स्वस्त धान्याची दुकानं निघाली होती. दुकानं निघण्याआधी लोकांना विचारलं होतं की गेल्या आठवड्यात किती वेळा उपाशी झोपलात? काही वर्षांनी पुन्हा तेच विचारलं, तर उपाशी माणसं निम्म्याहून कमी! वॉशिंग्टनमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. भूक गेली, तेव्हा दुकानं उन्हाळ्याच्या तोंडावर बंद करायची आणि पैसा हायवेकडे वळवायचा, असं ठरत आलं होतं. उद्या त्यावर शिक्का बसणार होता.

पण पहिल्यांदा विचारलं होतं जुलै-ऑगस्टमध्ये, तिथल्याच सरकारी माणसांनी. तेव्हा तिथे धो धो पाऊस असतो, घरातलं जुनं धान्य संपलेलं असतं आणि नवं पीक शेतात हिरवंगार उभं असतं. दुसऱ्यांदा विचारलं जानेवारीत, सुगी आटोपून कणग्या भरल्यावर. भूक खरंच कमी झाली की नाही, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि नेमकी पावसाआधी दुकानं बंद होणार होती. एवढे मोठे मोठे विद्वान, पण कधी विचारलं, एवढं पाहायचं कुणाला सुचलं नाही. रेणूलासुद्धा नाही.

रेणूचा नवरा केदार ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून आत आला. जवळच्या ट्रॉय शहरातली त्याची नोकरी गेल्याच महिन्यात गेली होती. त्या दोघांचं अमेरिकेत राहणं आता रेणूच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर होतं. इला तेवढी इथे जन्मलेली, म्हणून इथली. रेणूने त्याला सगळं सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"सांगू नकोस असं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "पण ग्रीन कार्ड होईपर्यंत थांब ना यार. तुझी इन्स्टिट्यूट त्यांच्या पैशावर चालते. प्रोजेक्ट कॅन्सल केला तर पहिली तू जाशील. मग इलाला घेऊन कुठे जायचं?"

"आणि पाऊस सुरू झाल्यावर ते लोक कुठे जातील?"

"सगळं तुझ्या एकटीवर आहे का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती, म्हणूनच तिला जास्त लागलं.

तिने जगन्नाथकाकांना फोन लावला. काका मूळचे नागपूरचे, सगळी हयात त्या बँकेत काढलेले. या कामासाठी रेणूचं नाव त्यांनीच पुढे केलं होतं.

"काका, तुम्ही तिथे पावसात कधी गेलाय?"

"पावसात कोण जातं, बाई? रस्ते वाहून जातात, जीप निघत नाही. आमचा मिशनचा दौरा दरवर्षी जानेवारीत."

"दरवर्षी?"

आपण दरवर्षी भरलेल्या कणग्याच पाहत आलो, हे बोलता बोलता काकांच्या लक्षात आलं. त्यांना काय कळलं ते रेणूलाही कळलं.

"हे बघ, बोर्डाला सरप्राइज द्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आधीच सगळ्यांचं ठरलेलं असतं. उद्या तुला विचारतील, तेव्हा फक्त 'नो कमेंट्स' म्हणायचं."

"म्हणू?"

"माझ्या तोंडून नको वदवून घेऊस," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशीही बर्फ थांबला नव्हता आणि शाळाही उघडली नव्हती. रेणू घरूनच फोनवर मीटिंगला बसली. एकेक जण समाधानाने बोलत होता. केदार दारात उभा होता. त्याने एकदाच मान हलवली, नको म्हणून.

"ॲन आर्बर, एनी कमेंट्स?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

रेणूने डोळे गच्च मिटले आणि बोलायला सुरुवात केली. वाक्यं तुटत होती, पण पाऊस, सुगी, जुलै, जानेवारी सगळं सांगून झालं. झालं, संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"शी इज राइट," जगन्नाथकाकांचा थकलेला आवाज आला. "मीही फक्त जानेवारीतच गेलोय. आपल्यापैकी पावसात कुणी गेलंच नाही."

मग कुजबुज झाली, कुणीतरी खाकरलं. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या की येत्या पावसात पुन्हा विचारून येईपर्यंत दुकानं चालू राहतील. पण लगेच पुढचा प्रश्न आला.

"बट हू विल गो फ्रॉम अवर साइड?"

कुणीतरी जीप चिखलात रुतल्याचा विनोद केला, त्यावर कुणी हसलं नाही.

"रेणू, व्हाय डोन्ट यू?"

तिने चटकन केदारकडे पाहिलं. तिच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला होता. इथे राहायला तो लागत नव्हता, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का लागणार, आणि तो मिळेल की नाही हे वकीलही छातीठोकपणे सांगत नव्हता. नोकरी जायची भीती ती कालपासून उराशी घेऊन बसली होती. ही भीती तिच्या ध्यानीमनीही नव्हती.

"आय विल गो," ती म्हणाली. नाही म्हटलं असतं, तर विचारायची वेळ पुन्हा जानेवारीवरच गेली असती.

फोन ठेवल्यावर केदार समोर येऊन बसला.

"तुला परत येऊ दिलं नाही तर?"

"माहीत नाही."

एवढ्यात बर्फाने माखलेली इला धावत आत आली. "मॉम, इज देअर स्कूल टुमॉरो? टायलर वॉन्ट्स टू नो."

रेणूने तिला ओल्या जॅकेटसकट पोटाशी धरलं. इतकं घट्ट की इला हातपाय झाडत ओरडायला लागली. तरी रेणूने तिला सोडलं नाही.